शेतीशाळेत कुटुंबाचेही पान

(वर्धा जिल्ह्यातील शेतकरी गट, महिला बचत गट आणि गावपातळीवर काम करणारे कर्मचारी यांच्यासाठी घेतलेल्या खरीपपूर्व प्रशिक्षणात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, तणांचा बंदोबस्त, आंतरपिके हे माझे विषय. कुटुंब हा विषय माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हता. पदव्युत्तर शिक्षण घेताना शेताचे चौरस आखून त्यात झाडे मोजली, बोंडे मोजली, परंतु त्या शेताच्या धुऱ्यावर जे घर उभे असते त्याचा एकही रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. मग आज मी या विषयावर का बोलतो आहे, हे आधी सांगितले पाहिजे.

२०१७ चा खरीप आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. त्या वर्षी बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीने विदर्भात थैमान घातले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. गावोगावी फिरून एकच गोष्ट सांगत होतो : डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर रचू नका. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता आणि आजही आहे. उभ्या फरदडीत अळीला खाद्य मिळत राहते, सुप्तावस्थेतील अळ्या वाळलेल्या बोंडांत आणि पऱ्हाटीच्या ढिगात राहतात आणि पुढील हंगामात तेथूनच पतंग निघतात.

समुद्रपूर तालुक्यातील एका गावात पाच एकर कोरडवाहू शेती असलेले एक जोडपे होते. शेताच्या धुऱ्यावर उभे राहून मी त्यांना हे सर्व समजावले. भाऊंनी मान डोलावली. जानेवारीत पुन्हा गेलो तर पऱ्हाटी उभीच. त्या दिवशीच्या सभेत मी नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा रीतीने बोललो की, सांगूनही न ऐकणारे कास्तकार असले की विद्यापीठाने कितीही सांगितले तरी उपयोग नाही. हे वाक्य मला आजही टोचते.

पुढच्या आठवड्यात त्याच गावच्या महिला बचत गटाच्या बैठकीत मी परसबागेवर बोलायला गेलो होतो. बैठक संपताना त्या घरच्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमी पऱ्हाटी उपटा म्हणता. मंग माह्या हाती काय येते, थे सांगा."

त्यांनी मांडलेला हिशेब असा होता. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस गाडीने जिनिंगला किंवा बाजार समितीत जातो. त्याचा चुकारा घरधन्याच्या नावावर येतो, आणि कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे देणे, हातउसने यांत तो घरी पोहोचण्याआधीच संपतो. शेवटच्या वेचणीचा दहा-पंधरा किलो कापूस मात्र गावातच खेडा खरेदीवाल्याला विकला जातो. ते रोख पैसे ताईंच्या हातात येतात. किराणा, मुलीच्या दहावीच्या परीक्षेचा खर्च, सासूबाईंच्या गोळ्या हे सर्व त्यातून चालते. शिवाय पऱ्हाटीच्या काड्यांवर पावसाळ्यापर्यंत चूल पेटते. म्हणजे मी ज्याला अळीचे आश्रयस्थान म्हणत होतो, ते त्या घरचे तिखटमीठ होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

नंतर चौकशी केली तेव्हा आणखी काही गोष्टी कळल्या. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत, हे आशाताईंना माहीत होते. मुलगी वेचणीच्या दिवसांत शाळेत येत नाही, हे गुरुजींना माहीत होते. खाते थकीत गेले आहे, हे गटसचिवांना माहीत होते. झाडावर किती बोंडे किडली, हे मला माहीत होते. चौघांच्या चार नोंदवह्यांत एकच घर होते आणि चौघे एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. भाऊ रात्र रात्र ओट्यावर बसून काढतात, हे तर आमच्यापैकी कोणाच्याच वहीत नव्हते. त्या घरी पुढे काही अघटित घडले नाही. परंतु ते आम्हा चौघांच्या हुशारीमुळे टळले असे मी म्हणणार नाही. ताईंचा भाऊ येऊन दीड महिना राहिला, त्याने बैलजोडी दिली, आणि घर उभे राहिले.

म्हणून आजचा विषय. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी भाव. अशा वर्षी एक कुटुंब तग धरते आणि तेवढ्याच जमिनीचे दुसरे कुटुंब कोलमडते. हा फरक कशाने पडतो, हे आपण कर्मचाऱ्यांनी कोठे शिकायचे? माझे उत्तर असे की, ते गावातच, कुटुंबांच्या गटात बसून शिकावे लागते. आणि असे शिकणारे गट ही आपल्याकडे नवी वस्तू नाही.

थोडा इतिहास पाहू. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांचे गट तयार केले. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करायची आणि पडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. वीस कार्यक्रमांचा तो प्रयोग होता, पण त्यात एक मोठी गोष्ट दिसली. नुसते ऐकणाऱ्या गावापेक्षा ऐकून बोलणाऱ्या गावात ज्ञान अधिक मुरले.

दुसरा टप्पा शेतीशाळेचा. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला, तेव्हा तेथील सरकारने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. नुसती बंदी पुरेशी नव्हती. शेतकऱ्याला मित्रकीड आणि शत्रुकीड ओळखता आली पाहिजे होती. म्हणून १९८९ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तेथे पहिल्या शेतीशाळा भरल्या. आठवड्यातून एकदा शेतात जायचे, झाडे पाहायची, जे दिसले ते मोठ्या कागदावर काढायचे आणि काय करायचे ते गटाने ठरवायचे. २००० ते २००४ या काळात कपाशीसाठी आशियातील सहा देशांत असा कार्यक्रम झाला, त्यात भारत होता आणि भारतात महाराष्ट्रही होता. पुढे २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर आपल्या राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप सुरू झाले आणि शेतीशाळा हा शब्द घराघरात गेला. २०१८ पासून पोकरा प्रकल्पात आपला जिल्हा होता, तेव्हाही शेतीशाळा भरल्या. तुमच्यापैकी बरेच जण त्यांत बसलेले असतील.

शेतीशाळेचा एक नियम मला फार आवडतो. शेतकऱ्याने "हा किडा कोणता?" असे विचारले की मार्गदर्शकाने लगेच नाव सांगायचे नाही. "तुम्हाला तो कोठे दिसला? काय खात होता? आणखी काय होते त्याच्याजवळ?" असे उलट विचारायचे. हा नियम पाळणे आम्हा शिकलेल्यांना जड जाते. आम्हाला उत्तर माहीत असते ना! (पुष्कळ ठिकाणी तर आणखी सोपे झाले आहे. बॅनर लागतो, फोटो निघतो, नाश्ता होतो आणि शाळा सुटते. असो.)

माझे म्हणणे एवढेच की, झाडावरच्या किडीबाबत जो नियम आपण मान्य केला, तोच घरातल्या अडचणीबाबत मान्य करावा.

आपल्या जिल्ह्यात याचे दाखले आहेत. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताच्या कामातून शिकायचे, हा तिचा गाभा. १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात शिबिरात राहते आणि विद्यार्थ्यांकडे ठरावीक कुटुंबे सोपवली जातात. रोगी दवाखान्यात येण्याआधी तो कोणत्या घरात राहतो, हे डॉक्टर होणाऱ्या मुलाने पाहावे असा त्यामागील हेतू. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांनाही शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभव असतो, परंतु आमची मुले बहुधा शेत पाहून परत येतात, घर पाहून नाही.

सेवाग्रामचेच दुसरे उदाहरण तर शेतीशी अधिक जवळचे आहे. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कस्तुरबा रुग्णालयातर्फे आसपासच्या गावांत आरोग्य विमा उभा केला. त्याचा हप्ता ज्वारीत घेतला जाई, आणि तोही सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना. ऐपतीप्रमाणे कोणी जास्त द्यायची, कोणी कमी. गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच गाव योजनेत येई, त्यामुळे ग्रामसभेत बोलणे भागच होते. यात शिकण्यासारखे काय आहे, तर वेळ. डॉक्टरांनी आधी हे शिकून घेतले की, कास्तकाराच्या घरात पैसा आणि धान्य कोणत्या महिन्यात असते. हे शिकणे औषधाइतकेच मोलाचे होते. बँकेचा हप्ता, शाळेची फी, विम्याची मुदत ठरवणाऱ्यांनी हा एकच धडा घेतला तरी पुष्कळ झाले.

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यात वर्धा होता. कर्ज, सिंचन, बियाणे यांवर पैसा आला. परंतु ज्या घरचा कर्ता पुरुष गेला त्या घरातील बाईला शेती कोण शिकवणार, हा प्रश्न राहिलाच होता. २००७ मध्ये डॉ. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानने वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत महिला किसान सशक्तीकरण परियोजना सुरू केली. शेतकरी विधवा आणि इतर शेतकरी महिलांचे गट करून त्यांना माती, बियाणे, पीक आणि हक्क या सर्वांची माहिती देणे हा तिचा हेतू होता. २०१०-११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच नावाने देशभरासाठी योजना जाहीर झाली. म्हणजे दिल्लीने जी योजना देशाला दिली, ती आपल्या जिल्ह्यातील बायांच्या गटात आधी बसली होती. हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

अशा गटांत सातबाऱ्याचा प्रश्न हमखास निघतो. शेत कसते बाई, सातबारा सासऱ्याच्या नावावर. मग पीक कर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. वारस नोंद वेळेवर न केल्याने किती घरे अडकली आहेत हे तलाठ्यांना चांगले माहीत आहे. नवरा हयात असतानाच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. आज येथे बसलेल्या बंधूंपैकी कितीजणांनी तसा अर्ज दिला, हे हात वर करून विचारण्याचा मोह मला होतो आहे, पण तो मी आवरतो.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. आम्ही काही गावांत गेले काही हंगाम जे करून पाहिले ते असे.

नवीन गट काढू नये. गावात बचत गट आहेत, ग्रामसंघ आहे, शेतकरी गट आहेत. त्यांतील वीस-पंचवीस कुटुंबे घ्यावीत आणि महिन्यातून एक बैठक नवरा-बायको दोघांची ठेवावी. वेळ संध्याकाळची, जेवणानंतरची. दुपारची बैठक म्हणजे बाईची मजुरी बुडणे. पहिल्या बैठकीस जमिनीवर खडूने बारा घरे आखावीत, एका घरास एक महिना. शेजारी सरकीचा ढीग आणि तुरीच्या दाण्यांचा ढीग ठेवावा. सरकी म्हणजे आलेला पैसा, तूर म्हणजे गेलेला पैसा. लिहिता न येणाराही हे मांडू शकतो.

येथे आमची पहिली चूक झाली. आम्ही लोकांना आपापल्या घरचा हिशेब मांडायला सांगितला. कोणी मांडला नाही, आणि बरोबरच केले. गावात बसून कोण आपले कर्ज सांगेल? दुसऱ्या बैठकीत आम्ही "आपल्या गावात असे एक कुटुंब आहे असे समजा, पाच एकर, कोरडवाहू, दोन लेकरं, एक म्हातारी" असे म्हटले. मग मात्र सर्वांचे हात चालू लागले. जूनच्या घरात तुरीचा ढीग एवढा वाढला की तो मे आणि जुलैच्या घरांत घरंगळू लागला. बियाणे, खत, शाळेची पुस्तके, घरावरची कवेलू. जुलैत निंदण, ऑगस्टमध्ये फवारणी, आणि वर पोळा. ऑक्टोबरपर्यंत सरकीचा एकही दाणा नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, नोव्हेंबरात कापूस, तेथे सरकी ओतली, पण त्याच घरांत उधारीची तूरही ओतली. एक आजी म्हणाल्या, "पोया आला का बैलाले बेगड लावाचं, अन् घरात तेल नाई." बैठकीत हसू उमटले, पण नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

बंधूंनो, हे चित्र जमिनीवर पाहिल्यावर मला माझ्याच विषयातील एक जुनी शिफारस नव्याने समजली. कपाशीत मुगाचे आंतरपीक, एकास एक ओळ. आमच्या पुस्तकात ती जमिनीचा कस, तणांचे नियंत्रण आणि एकूण उत्पन्न यांसाठी दिलेली असते. मूग साठ ते सत्तर दिवसांत येतो. जूनअखेर पेरला तर पोळ्याच्या सुमारास शेंगा तोडायला येतात. म्हणजे बारा घरांतील जे घर सर्वांत रिकामे, नेमके त्याच घरात मूठभर सरकी पडते. शिवाय मूग थोडा थोडा विकता येतो, घरात वरण होते आणि तो पैसा बहुधा बाईच्या हातात राहतो. फरदडीच्या कापसाची जागा घेणारे काही असेल तर ते हे, असे मला वाटले. त्या ताईंच्या प्रश्नाला मला एक वर्षानंतर सापडलेले हे अर्धे उत्तर.

अर्धे म्हणतो, कारण मी मोठ्या उत्साहाने हे गटात मांडले तेव्हा बायांनी तीन आक्षेप घेतले. पहिला, रोही आणि रानडुक्कर. एकट्याने मूग पेरला तर साऱ्या शिवारातील रोही त्याच्याच वावरात येतात. दुसरा, तणनाशक. उभ्या कपाशीत रुंद पानांच्या तणांसाठी जे औषध मारतात, ते मुगालाही जाळते. मूग घ्यायचा तर निंदण आले, आणि निंदणाला मजूर कोठे आहे? तिसरा, पाऊस. शेंगा पिकल्या आणि चार दिवस झड लागली की दाणे शेंगेतच अंकुरतात.

तीनही आक्षेप खरे होते. माझ्या पुस्तकात त्यांतला एकही नव्हता. त्यावर गटाने जे ठरवले त्यातील बरेचसे त्यांचेच आहे. लगतच्या आठ-दहा वावरांत सर्वांनी मिळून मूग पेरायचा, म्हणजे नुकसान एकाच्याच माथी पडत नाही आणि रात्रीची राखण वाटून घेता येते. पेरणीनंतर उगवणीपूर्वी पेंडीमेथॅलीन मारायचे, ते कपाशी आणि मूग दोघांनाही चालते. त्यानंतर डवरणीवर भर द्यायचा. एकाच वेळी पक्व होणारा वाण घ्यायचा, विद्यापीठाचा ८८०२ हा मूग त्यासाठी बरा. शेंगा काळ्या पडू लागताच तोडून घ्यायच्या आणि ताडपत्रीवर समाजमंदिरात पसरायच्या. दोन वर्षांत एका वर्षी हे चांगले साधले, एका वर्षी पावसाने निम्मा मूग नेला. हे मी लपवत नाही. परंतु फरदड सोडण्याचा निर्णय मात्र त्या गटाने घेतला, आणि सर्वांनी एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढली. एकट्याने काढून उपयोग नसतो, शेजारच्या वावरातील पतंगाला धुरा आडवा येत नाही, हे त्यांनी कामगंध सापळ्यांत स्वतः पतंग मोजून पाहिले होते. जळणाच्या काड्यांचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. काही घरांनी गावाबाहेर एका ठिकाणी पऱ्हाटी रचून उन्हाळ्याच्या आत जाळून संपवली, काहींनी बारीक करून शेतात मिसळली, आणि काहींच्या धुऱ्यावर ती अजून आहे.

आता माझ्या सहकारी कर्मचाऱ्यांसाठी दोन शब्द. या बैठकीत आपण शेवटी बोलायचे. कृषी सहायक (पदाचे नाव बदलले तरी गावात अजून हेच नाव चालते), आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी, गटसचिव यांनी महिन्यातून एकदा एकाच सतरंजीवर बसावे आणि त्या दिवशी कोणतीही योजना सांगू नये. ऐकलेली एक नवी गोष्ट आपल्या वहीत लिहावी. बैठक संपल्यावर पाच मिनिटे आपसांत बोलावे. कोणत्या घरी आज कोणी आले नाही? मागच्या वेळीही आले नव्हते का? एवढाच प्रश्न. मात्र गटात ऐकलेले घरगुती बोलणे गटाबाहेर न्यायचे नाही. एकदा ते पारावर पोहोचले की तो गट संपला.

एक अवघड गोष्ट राहिली. माणूस खचतो तेव्हा त्याची लक्षणे पिकावरच्या लक्षणांप्रमाणे आधी दिसतात. झोप उडणे, जेवण कमी होणे, बैठकीला न येणे, दारू वाढणे, वावराकडे न फिरकणे, "आता माझं काय काम" असे बोलणे. अशा माणसाशी एकांतात, न घाबरता बोलावे. जीव नकोसा वाटतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळे होते, असे मानसोपचाराचे जाणकार सांगतात. आपण ऐकून घ्यावे, उपदेश करू नये, त्याला एकटे सोडू नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत न्यावे. टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनीच घरोघरी जाऊन हे काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. मोठा दवाखाना नसतानाही हे घडले.

कीटकनाशकाबाबत मात्र मी कृषिविद्येचा माणूस म्हणून स्पष्ट बोलतो. पूर्वी आम्ही सांगत होतो, औषध कुलपात ठेवा. श्रीलंकेत १८० गावांत कुलपाचे डबे देण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याने अपेक्षित फरक पडला नाही. जेथे फरक पडला तो अतिविषारी औषधांवर बंदी घातल्याने. म्हणून माझी विनंती अशी की, औषध घरात ठेवूच नका. एका फवारणीपुरतेच घ्या, त्याच दिवशी संपवा आणि रिकामा डबा घरी आणू नका. यात पैशाचीही बचत आहे, कारण उरलेले औषध पुढच्या वेळी "वाया जाऊ नये" म्हणून मारले जाते, त्या किडीवर ते चालत असो वा नसो. ज्या गटांनी मिळून फवारणी ठरवली तेथे औषध एकत्र आणून त्याच दिवशी वाटून घेतात. हे प्रत्येक गटाला करता येईल.

यंदाच्या गटांच्या पहिल्या बैठका रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वी घ्यावयाच्या आहेत, म्हणजे बारा घरांचे चित्र पेरणीच्या आधी पाहून होईल. प्रत्येक गटप्रमुखाने येताना शेरभर सरकी आणि शेरभर तूर आणावी, खडू आम्ही देऊ. मुगाच्या बियाण्याची नोंद पलीकडच्या टेबलावर सुरू आहे. लगतच्या वावरांतील शेतकऱ्यांनी एकत्र नोंद करावी, आणि नोंद करताना ताईंनाही विचारून घ्यावे. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.